माझ्याच वेणीचं गंगावन

“गाठ कॅन्सरची आहे, पण लवकर सापडली आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यावर मी पहिला प्रश्न विचारला, “केस जातील का?”

शेजारी बसलेल्या सुमनआजीने मला चिमटा काढला. “अक्का, जिवाचं इचारा आधी!”

सुमनआजी म्हणजे माझी धाकटी जाऊ. खुलताबादची आहे, आणि मनात येईल ते तोंडावर बोलते. डॉक्टरबाई हसल्या. “यावर चांगले उपचार आहेत. केस जातील, पण परत येतील,” त्या म्हणाल्या. त्यातलं शेवटचं वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत मी केसांचाच विचार करत होते.

नील, इरा, तेव्हा तुम्हाला एवढंच सांगितलं होतं की आजीला बरं नाही आणि औषधाने तिचे केस जाणार आहेत. आता मी बरी आहे, म्हणून सगळं क्रमाने लिहिते. तुमच्या ओळखीच्या कुणाच्या आजीवर किंवा आईवर ही वेळ आली तर तिला हे वाचून दाखवा.

आंघोळ करताना छातीच्या डाव्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून मी ती सोडून देणार होते. तसं करू नका. सुमनआजीने दुसऱ्याच दिवशी मला रिक्षात बसवलं.

आधी मॅमोग्राफी झाली. म्हणजे स्तनांचा एक्स-रे. मग बायॉप्सी, म्हणजे गाठीचा बारीकसा तुकडा सुईने काढून तपासणं. त्यात फारसं दुखलं नाही. दुखलं ते रिपोर्टची वाट बघताना. दवाखान्यातल्या टीव्हीचा आवाज बंद होता, आणि तिथे बसलेले आम्ही सगळे तो अगदी मन लावून बघत होतो.

ऑपरेशन नीट पार पडलं. पुढे केमोथेरपी होती. हे औषध सलाईनमधून शरीरात सोडतात. ते वेगाने वाढणाऱ्या पेशी मारतं. कॅन्सरच्या पेशी वेगाने वाढतात, पण केसांची मुळंही वेगाने वाढतात, म्हणून बिचारी तीही सापडतात.

माझे केस तुम्हाला आठवतात का? सरळ, कमरेपर्यंत, आणि अत्यंत शिस्तीचे. रोज सकाळी खोबरेल तेल, मधोमध भांग, मानेवर अंबाडा, अंबाड्यात एक फूल. कॉलेजात शिकवत होते तेव्हाही हेच, निवृत्त झाल्यावरही हेच. वाऱ्यात एक केस हलत नसे.

केमो सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी इराचा व्हिडिओ कॉल आला. पुढच्या हिवाळ्यात तुमचं इकडे यायचं ठरत होतं. इरा म्हणाली, “आजी, मी लहान असताना आले होते ना, तर मला तू नीट आठवत नाहीस. तुझा अंबाडा आठवतो. एअरपोर्टवर मला कसं कळणार तू कोणती ते?”

फोनवर रोज दिसते ती आजी वेगळी, एवढीशी, चौकटीतली. खरी आजी गर्दीत सापडेल की नाही, याची तिला धास्ती होती. मी शब्द दिला, “मी अंबाडा घालूनच येईन.”

नातवंडाला दिलेला शब्द. तो आता कसाही करून पाळायचा होता.

म्हणून केस गळायच्या आधीच मी सुमनआजीला माझी वेणी कापायला लावली. तिने कात्री हातात घेतली आणि रडायलाच लागली. मी म्हटलं, “रडू नकोस, तिरकी कापशील.” ती वेणी आम्ही गुलमंडीजवळच्या एका दुकानात दिली आणि तिचं गंगावन करून घेतलं. गंगावन म्हणजे केसांचा जुडगा वर दोऱ्याने पक्का बांधायचा आणि आपल्या केसांत गुंफायचा, की अंबाडा भरदार होतो. आमच्या आधीच्या बायका विंचरताना निघालेली गुंतवळं साठवून गंगावन करायच्या. माझं तर अख्ख्या वेणीचं होतं. लवंगा घालून, मलमलच्या कपड्यात गुंडाळून मी ते कपाटात ठेवलं. केस थोडे आले की हे जोडायचं, की झालं. इतकी सुरेख योजना मी आयुष्यात केली नव्हती.

केमोचे महिने मी थोडक्यात सांगते. तोंडाला लोखंडाची चव यायची. ताकातल्या ज्वारीच्या कण्या तेवढ्या पोटात राहायच्या. केस उशीवर, ताटात, सगळीकडे दिसायला लागले, तेव्हा सुमनआजीने उरलेले काढून टाकले आणि मी स्कार्फ बांधायला लागले.

मग उपचार संपले, आणि एका सकाळी आरशात मला टाळूवर लव दिसली! चिमणीच्या पिलाला असते तशी. मी ओरडले. सुमनआजी पोळपाट सोडून, हाताला पीठ तसंच, धावत आली. माझं डोकं दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवत म्हणाली, “व्हय की! उगवलं बगा अक्का, लई दाट उगवलं!” माझ्या डोक्याला सगळं पीठ लागलं. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो. त्या दिवशी शिरा केला, आणि तो मला गोड लागला. लोखंडाची चव गेली होती.

केस वाढले आणि वळायला लागले. माझे केस, कुरळे! एक डावीकडे, एक उजवीकडे, मागचा शेंडा थेट आकाशाकडे. मी तेल थापलं, बारीक फणीने विंचरून विंचरून चप्प बसवले, ओला रुमाल घट्ट बांधून झोपले. सकाळी बसलेले केस दुपारपर्यंत पुन्हा उभे.

“अक्का, गच्चीवरून बगितलं तर फुलकोबी दिसती,” सुमनआजी म्हणाली.

“मग गच्चीवर जाऊ नकोस.”

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरबाईंना आधी केस दाखवले, मग रिपोर्ट. रिपोर्ट चांगला होता. केसांबद्दल त्या म्हणाल्या, “याला केमो कर्ल्स म्हणतात.” फॉलिकल म्हणजे केस जिथून उगवतो ती त्वचेतली पिशवी. केमोनंतर तिच्यातून केस काही काळ वेगळ्या वळणाचा येऊ शकतो. पुढे सरळ होईल किंवा नाहीही होणार. पार्लरमध्ये जाऊन सरळ करून घेऊ का, असं मी विचारलं. “इतक्यात नको, टाळू अजून नाजूक आहे,” त्या म्हणाल्या. मग जरा वाकून बघत त्यांनी विचारलं, “तुम्ही हे कोरडे असताना विंचरता का?”

“अर्थात. रोज, दोन्ही वेळा.”

“म्हणून फुलतात. ओले असताना बोटांनी सोडवा. मग हात लावू नका.”

साऱ्या आजारपणात मला एवढं अवघड पथ्य कुणी दिलं नव्हतं. पण पाळलं. आणि खरंच, केसांची छान वेटोळी व्हायला लागली. आरशासमोर मी मान वळवून वळवून बघत असे. पण वेटोळ्यांचा अंबाडा होत नाही, आणि तुम्ही तर पुढच्या आठवड्यात येणार होता.

गंगावन कपाटातून निघालं. नव्या केसांत ते ठरेना, घसरून पडे. आम्ही ते पुन्हा दुकानात नेलं. दुकानदार चाचांनी गंगावन पाहिलं, मला पाहिलं. “अम्मा, बाल तो आपकेच हैं,” ते म्हणाले, “पर अब सर आपका नै लगरा.”

तुम्ही आलात त्या दिवशी सुमनआजीने मूठभर आकडे खोचून ते कसंबसं बसवलं. वर काळा दोरा, त्यात शेवंतीचं फूल. “आता मान हलवू नका,” तिने बजावलं. जालना रोडवरच्या सगळ्या खड्ड्यांतून मी पुतळ्यासारखी बसून चिकलठाण्याच्या विमानतळावर पोचले. विमान उशिरा येणार होतं. स्कार्फ नाही, अंबाडा जागेवर. मान न हलवता मी सारखी मनगट वर करून घड्याळ बघत होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण ते लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. दार उघडलं. नील सामानाची ट्रॉली ढकलत होता. आणि इरा, तू एक क्षणही न थांबता धावत सुटलीस, सरळ माझ्याकडे. मी वाकले, तू गळ्यात हात टाकलास आणि अंबाडा तुझ्या हातात आला. फुलासकट.

“घ्या!” सुमनआजी म्हणाली.

नील हसून हसून ट्रॉलीवर वाकला. मी भर विमानतळावर फुलकोबीसारखी उभी. मला वाटलं होतं, या क्षणी मी लाजेने मरेन. पण मलाच हसू आवरेना.

मी विचारलं, “इरा, हा पडायच्या आधी दिसला ना तुला? हा बघूनच आलीस ना पळत?”

तू हातातल्या अंबाड्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. “आजी, अंबाडा मागे असतो. मला समोरून कसा दिसेल?”

वर्षभर ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. सुमनआजीच्याही नाही. 

“मग मला ओळखलंस कसं?”

“सगळे दाराकडे बघत होते,” तू म्हणालीस, “तू एकटीच घड्याळाकडे बघत होतीस. मला फोन करायला उशीर झाला की बघतेस ना, तशी.”

ते गंगावन आता तुमच्याकडे आहे. परवा ते शेपूट म्हणून कमरेला बांधून इरा घोडा झाली होती, ते फोनवर पाहिलं. चांगला उपयोग आहे. मी डॉक्टरबाईंची, दवाखान्यातल्या नर्सबाईंची आणि सुमनआजीच्या त्या चिमट्याची ऋणी आहे. तपासण्या चालू आहेत, त्या मी चुकवत नाही. पुढच्या वेळी तुम्ही याल तेव्हा केस त्यांना हवे तसे बसू देत. घड्याळ मात्र मी घालून येईन.