उताराच्या बाजूच्या मॅडम

पावसाला घाबरणारं माणूस पनवेलमध्ये घरटी एक तरी सापडेल. पण जिला बघून पावसानेच जरा नीट पडावं, अशी बाई मी आजवर एकच पाहिली. ती म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या मॅडम. कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झाल्या, पण भूगोलाने काही त्यांना निवृत्त केलं नाही. आभाळ भरून आलं की आम्ही गच्चीवरचे कपडे काढायला धावायचो आणि मॅडम छत्री घेऊन खाली उतरायच्या. ती छत्री त्यांनी भिजू नये म्हणून घेतलेली नव्हतीच. तिच्या दांड्यावर लाल नेलपॉलिशने खुणा केलेल्या होत्या, खालून वर घोटा, पोटरी, गुडघा आणि सगळ्यात वर 'देवा'. रस्त्यात पाणी तुंबलं की मॅडम छत्री मिटून त्यात उभी करायच्या आणि स्वतः डोक्यावर धारा घेत खुशाल वाकून बघायच्या.

त्यांच्यासमोर साधं बोलणंही जोखमीचं होतं. हळदीकुंकवाला आलेली एखादी सहज म्हणाली, "आमच्याकडे नेहमी पाणी भरतं हो," की मॅडम वाण बाजूला ठेवून विचारणार, "नेहमी म्हणजे? आणि भरतं म्हणजे पायरीपर्यंत की उंबऱ्याच्या आत?" एकदा आमच्या भाचीच्या साखरपुड्यात त्या जेवणाच्या आधी गायब झाल्या. शोधत गेले तर हॉलच्या मागच्या गटाराशी मॅनेजरला समजावत उभ्या होत्या की हे पाणी वरच्या बाजूला सोडलंय, ते जाणार कुठे? एका रविवारी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून करंज्याच्या बंदरावर पापलेट आणायला नेलं. लिलाव संपेपर्यंत बाई होडी हाकणाऱ्या एका तांडेलाला भरतीच्या वेळा विचारत बसल्या. घरी आलो ते पापलेटाशिवाय. पण दोन्ही हात हवेत फिरवत त्या वाटभर इतक्या आनंदाने बोलत होत्या की मला मासे राहिल्याचं वाईट वाटलं नाही. दुपारी पिठलं खाताना थोडं वाटलं.

आमच्या सोसायटीच्या मागे एक नाला आहे आणि नाल्याला लागून जुनं गाव. जोराचा पाऊस आणि खाडीची भरती एका वेळी आली की नाल्याचं पाणी उलटं फिरायचं आणि गावात शिरायचं. मॅडमनी कित्येक पावसाळे याचाच अभ्यास केला होता. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध परदेशातल्या एका नियतकालिकात छापून आला. इंग्रजीत होता आणि त्याचं शीर्षक वाचतानाच मला मध्ये दोनदा दम घ्यावा लागला. इकडे गावासाठी नाल्याच्या कडेने काँक्रीटची भिंत बांधायचं घाटत होतं. मॅडमचं म्हणणं, भिंत बांधली तर गाव बुडेल. तो निबंध घेऊन त्या सरकारी कचेरीतल्या अभियंत्यांकडे गेल्या. स्कूटरची सोय म्हणून मीही गेले.

अभियंता भला माणूस होता. त्याने निबंध ठेवून घेतला आणि पुढच्या भेटीत आदराने परत दिला. म्हणाला, "मॅडम, दोनदा वाचला. तुमचं सगळं पटलं. आता सोमवारी ऑफिसात आल्यावर मी नेमकं काय करू, तेवढं सांगा."

मॅडम गप्प झाल्या. त्यांना गप्प झालेलं मी त्या दिवशी प्रथमच पाहिलं. मला वाटलं, बाई दुखावल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या दारात उभ्या. "माणूस बरोबर बोलला गं. इतकी वर्षं मी पाणी का येतं ते सांगत बसले. काय करायचं, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तुझ्याकडची मोठी परात दे. आणि बत्तासे कुठे मिळतील?"

गावाच्या समाजमंदिरात सभा भरली, तिला अभियंता आला, गावकरी आले आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीही आले. मॅडमनी मधोमध माझी कणीक मळायची परात तिरकी ठेवली. तीत माती थापून उतार केला, बोटाने नाला ओढला आणि काठावर बत्तासे मांडले. "हे तुमचं गाव."

पुढे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "मॅडम, आमाला भिंत पायजे. तुमी नाय का म्हनता?"

"नाही म्हणत नाही. बांधूनच दाखवते." त्यांनी कणकेची भिंत बत्ताशांपुढे घातली आणि झारीने वरून पाऊस पाडला. नाल्याचं पाणी भिंतीने अडवलं खरं, पण गावावर पडलेलं पाणीही तिने आतच कोंडलं. बघता बघता बत्तासे विरघळले. म्हातारी पुटपुटली, "आय गो! माजं घर गेलं."

मॅडमनी भिंत काढली, नवे बत्तासे मांडले आणि मातीत एक वाटी खोल पुरली. पुन्हा पाऊस. पाणी बत्ताशांच्या कडेकडेने जाऊन वाटीत साठलं. "पाण्यालाही थांबायला जागा लागते. एसटी येईपर्यंत आपण स्टँडवर थांबतो ना, तसं. नाल्याच्या तोंडाला झडप लावायची, म्हणजे भरती आत येणार नाही. आणि ओहोटी लागेपर्यंत पावसाचं पाणी इथे थांबेल."

"पन ही वाटी म्हंजे कुटली जागा?" मागून कुणीतरी विचारलं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आमच्या सोसायटीचं पार्किंग."

गावकरी हसले. सेक्रेटरींचा चेहरा मात्र बघवेना. पार्किंगची ती जागा पूर्वी पाणथळच होती. बिल्डरने भराव टाकला आणि कागदोपत्री आमची नसतानाही आम्ही तिथे गाड्या लावत आलो होतो. आमच्या ह्यांची नवी गाडीही तिथेच उभी असायची. घरी आल्यावर हे माझ्याशी बोलले नाहीत. परातीशीही बोलले नाहीत.

सोसायटीच्या बैठकीत भडका उडाला. कुणी कोर्टात जायचं म्हटलं, कुणी मॅडमना लिफ्टमध्ये नमस्कार करायचं सोडलं. सेक्रेटरी ओरडले, "मॅडम, राहता इथे आणि वकिली तिकडची करता! तुम्ही आहात तरी कुणाच्या बाजूच्या?"

"उताराच्या," मॅडम म्हणाल्या. "तो जिकडे जातो, तिकडे मी. पाणी तुमच्या घरात जात असतं, तर तुमच्यासाठी गावाशी भांडले असते. माझ्यावर विश्वास ठेवू नका. उद्या माझ्याबरोबर चला आणि स्वतः बघा."

सेक्रेटरी रागारागानेच गेले. त्या म्हातारीच्या घरात भिंतीवर पाणी चढल्याच्या रेषा होत्या, पलंगाखाली विटा रचलेल्या होत्या आणि नातवंडांची दप्तरं आढ्याला टांगलेली होती. म्हातारीने तक्रारीचा शब्द काढला नाही. चहा दिला आणि पलंगावर बसवलं. दुसऱ्या दिवशी पार्किंगमधून पहिली गाडी हलली ती सेक्रेटरींची. अभियंत्याने भिंतीचा प्रस्ताव मागे घेऊन झडपेचा आणि तळ्याचा नवा मांडला. त्यासोबत मॅडमनी लिहून दिलेलं, मराठीतलं, एका पानाचं टिपण होतं. शीर्षक होतं, 'सोमवारी काय करायचं'.

यंदा श्रावणात कोसळधार आणि उधाण एकाच दिवशी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबल्यावर मी मॅडमबरोबर मागच्या कठड्याशी गेले. पार्किंगच्या जागी खणलेलं नवं तळं काठोकाठ भरलं होतं आणि दोन बगळे मालकी हक्काने फिरत होते. तेवढ्यात ती म्हातारी लगबगीने आली आणि मॅडमचे हात हातात घेऊन म्हणाली, "बाय, औंदा पानी नाय आलं घरात. पोरं रातभर झोपली."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. पण बाई शेवटी त्याच. डोळे पुसून म्हणाल्या, "एका पावसाने काही सिद्ध होत नाही हो. निदान दहा-बारा पावसाळे बघायला हवेत."

"मंग बघा की," म्हातारी हसून म्हणाली आणि चहा टाकायला निघून गेली.

मॅडम पुन्हा पाण्याकडे वळल्या. पंच्याहत्तरी त्यांनी केव्हाच ओलांडली आहे. "दहा-बारा," त्या हळूच म्हणाल्या, "जरा जास्तच मागितले, नाही का गं?"

लाइट गेल्यामुळे लिफ्ट बंद होती. जिना चढताना त्यांनी पहिल्यांदाच माझा हात धरला, आणि दार येईपर्यंत सोडला नाही.