भिंतीवरची नेलपॉलिश

पार्लरअक्कांनी स्वतःच्या चेहऱ्याला कधी पावडर लावलेली मी पाहिली नाही. बिजागऱ्यांना मात्र त्या आठवणीने लावायच्या. कपाळावर विभूती, मानेवर घट्ट अंबाडा, बोटांना कायम गुलाबपाण्याचा वास. नवी पेठेमागच्या आमच्या गल्लीत त्यांचं ब्युटी पार्लर होतं. एक फिरती खुर्ची, एक मोठा आरसा आणि आरशाखालच्या फळीवर बाटल्यांची रांग, एवढाच पसारा. त्यातलं निम्मं सामान गिऱ्हाइकांच्या तोंडाला लागायचं आणि निम्मं घराला.

ते घर आता नाही. त्यामुळे अक्कांच्या गमती सांगायला बसले की हसता हसता मी कुठेतरी थांबते, आणि समोरच्याला वाटतं मी पुढचं विसरले.

घर विटांचं, जुनं, पण धडधाकट दिसणारं. खाली घरमालकांचं साड्यांचं गोदाम, बहुतेक वेळ बंद. पहिल्या मजल्यावर अक्का आणि त्यांचे यजमान अण्णा. रस्त्याकडच्या खोलीत पार्लर, मागच्या खोलीत संसार. त्यांच्या डोक्यावर आम्ही भाडेकरू. लग्न होऊन मी तिथे आले त्याच आठवड्यात माझी नवी इरकल कडीत अडकली आणि पदराचा धागा सुटला. मी जिन्यात रडवेली होऊन उभी. अक्का आतून पारदर्शक नेलपॉलिशची बाटली घेऊन आल्या, पदर उलटा करून सुटलेल्या धाग्यावर एक थेंब टेकवला आणि फुंकर घातली.

"आता हितनं पुढं न्हाय जायाचं त्ये," त्या म्हणाल्या. "रडायलीस कशाला? नाव काय तुजं?"

मी वैशाली सांगितलं. त्या दिवसापासून मी वैशी झाले.

भुवया कोरायच्या दोऱ्याने त्या खव्याच्या वड्या कापायच्या. सुरीला चिकटते तशी वडी दोऱ्याला चिकटत नाही. वाळलेल्या मस्काऱ्याचा ब्रश धुऊन शिलाई मशीनच्या दातऱ्यांतली धूळ काढायच्या. नव्या डब्यावरचं लेबल निघेना की हेअर ड्रायरची गरम हवा मारून ते अख्खंच्या अख्खं सोलायच्या. नळाच्या आट्यांना व्हॅसलीन, पायात मोडलेल्या काट्याला प्लकरचा चिमटा, बादलीच्या चिरेला नेलपॉलिशचे थरावर थर. मी एकदा म्हटलं, "अक्का, हे सगळं तोंडाचं सामान आहे ना?" त्यावर त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "तोंडाला सोसतं ते लाकडाला का सोसायचं न्हाय? आपल्या तोंडापरास लाकूड नाजूक हाय व्हय?"

घरात काहीही बिघडलं तरी माणूस बोलवायच्या आधी अक्कांना बोलवायचं, अशी मला सवय लागली. माझी मनू रांगायला लागली त्या सुमारास आमच्या खोलीचं दार लागेनासं झालं, तेव्हाही मी त्यांनाच हाक मारली. अक्का आल्या, खाली बसल्या, दार कुठे घासतंय ते बघायला चौकटीला एक जुनी लिपस्टिक फासली आणि दार ओढलं. दाराच्या खालच्या कोपऱ्यावर लाल ठसा उमटला. तिथे पॉलिश पेपर मारला, पावडर चोळली. दार मुकाट लागलं.

आठवड्याभरात ते पुन्हा अडकलं. अक्कांनी पुन्हा लिपस्टिक लावली. या खेपेला ठसा वरच्या कोपऱ्यावर उमटला. अक्का त्या ठशाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पदराच्या टोकाने तो पुसला आणि विचारलं, "शेजारी खोदाय लागल्यापास्नं हे सुरू झालं का गं?"

शेजारी एक बैठं दुकान होतं. ते पाडून तिथे कॉम्प्लेक्स उठणार होतं, तळघरासकट. पत्रे ठोकून झाल्यावर सकाळपासून मशीन घरघरायचं. खड्डा आमच्या भिंतीला अगदी खेटून खाली खाली चालला होता. मशीनचा दात दगडावर बसला की अक्कांच्या फळीवरच्या बाटल्या एकमेकींवर किणकिणायच्या. खुर्चीत बसलेल्या बाया हसायच्या. अक्का बाटल्यांवर हात ठेवून त्यांना गप्प करायच्या.

एकदा केस कापून घ्यायला मी पार्लरमध्ये गेले तर आरसा भिंतीवरून उतरवून खाली टेकवलेला. आरशामागे छतापासून फळीपर्यंत एक भेग होती, केसाएवढी. आणि तिच्यावर आडवे, टाका घातल्यासारखे, मरून रंगाच्या नेलपॉलिशचे जाड पट्टे.

"हे काय अक्का?"

"भेग जुनी हाय का नवी, ते कळंना मला. जुनी आसंल तर हे आसंच ऱ्हाईल. भिंत हलायली आसंल तर नेलपॉलिश तुटंल."

मी जाऊन बोटाने चाचपून पाहिलं. गुळगुळीत, अखंड होतं. मला हायसं वाटलं. अक्कांना वाटलं नसावं, कारण जिन्यातल्या आणि माझ्या दारावरच्या भेगांवरही त्यांनी तसेच पट्टे ओढले. रोज सकाळी देवापुढे दिवा लावला की हातात टॉर्च घेऊन त्या भिंती बघत फिरायच्या. डोळ्याला अगदी जवळ धरून, गिऱ्हाइकाच्या भुवया बघतात तशा. मला ते बघवायचं नाही. भिंतींवरचे ते मरून पट्टे संध्याकाळच्या उजेडात जखमांसारखे दिसायचे. मनूला घेऊन जिना उतरताना मी तिकडे बघायचं टाळू लागले.

मग एका सकाळी त्यांनी खालूनच मला बोलावलं आणि मी उतरल्यावर भिंतीवर टॉर्च धरला. आरशामागचा सगळ्यात वरचा पट्टा मधोमध तुटला होता. दोन्ही तुकडे आपापल्या जागी घट्ट होते आणि मधून काळं दिसत होतं.

घरमालक बोलावल्यावर आले. सभ्य माणूस; चप्पल बाहेर काढून आत आले, चहा घेतला. भिंत बघून हसले. "अक्का, भिंतीला नेलपॉलिश? भिंतीचं लगीन हाय का काय?" पण दुसऱ्या दिवशी गवंडी पाठवून त्यांनी भेग सिमेंटने बुजवली. अक्कांनी ओलं सिमेंट वाळू दिलं आणि त्यावर पुन्हा पट्टा ओढला. तोही तुटला. खड्ड्यावरच्या मुकादमाला विचारायला आम्ही दोघी गेलो, तर तो म्हणाला, "कडंला आधाराच्या सळ्या लावायच्याच हायत की, मावशी. माल येऊ द्या." माल येत नव्हता आणि मशीन थांबत नव्हतं.

अक्का आता मला रोज एकच सांगायच्या, "वैशे, दुसरीकडं बघा खोली." मी नवऱ्याला सांगितलं. त्याचं म्हणणं, दिवाळीनंतर बघू. आमचं काय, आम्ही साधे भाडेकरू. खरी कोंडी अक्कांची होती. त्यांची जागा जुनी, पागडीची. अण्णा मागावर काम करून निवृत्त झालेले. मागांच्या खडखडाटात कान गेले होते, त्यामुळे बोलताना ओरडायचे. त्यांचं ओरडणं वरपर्यंत ऐकू यायचं. "एकदा आपुन कुलूप लावून भाईर पडलो की त्यो त्येच्यावर दुसरं कुलूप लावतोय! मग बस रस्त्यावर पार्लर मांडून!" अक्का काय उत्तर द्यायच्या ते ऐकू यायचं नाही. त्यांना अण्णांच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागायचं.

अण्णा चुकीचं बोलत नव्हते, हीच त्यातली वाईट गोष्ट. नवी पेठेच्या आसपास असे बाहेर पडलेले आणि पुन्हा आत न आलेले लोक आम्ही सगळ्यांनीच पाहिले होते. अक्काही ते जाणून होत्या. मग त्या कामाला लागायच्या. दारांना पावडर, खिडक्यांच्या फटींना मेण, सुटलेल्या फरशीखाली कापसाच्या घड्या. पण आता हात चालताना त्या गुणगुणत नव्हत्या. एकदा फरशी दाबत असताना मला म्हणाल्या, "आजवर काय बी बिघडलं की वाटायचं, हाय आपल्याकडं कायतरी. ह्येला माज्याकडं काय न्हाय गं." आणि तशाच फरशीवर हात ठेवून बसून राहिल्या.

परतीचा पाऊस लागला. खड्डा पाण्याने भरला. पाणी उपसणारा पंप दोन दिवस धडधडत होता आणि आमच्या भिंतींतून एक बारीक थरथर सतत वाहत होती. हंड्यातल्या पाण्यावर गोल वळसे उठायचे. त्या दुपारी पंप अचानक बंद पडला. एवढी शांतता झाली की मी खिडकीत जाऊन बघितलं. तळ्यासारखं तांबडं पाणी, आणि कडेची माती आमच्या बाजूने हळूहळू पाण्यात उतरत होती.

खाली अक्कांच्या खुर्चीत एक मुलगी साखरपुड्यासाठी सजायला बसली होती. पुढचं तिने आणि अक्कांनी नंतर सांगितलं ते असं. मुलीचा मेकअप झाला होता. अक्का शेवटचा हात फिरवत होत्या. गालावर पावडर जास्त दिसली म्हणून त्यांनी ब्रशने झटकली. पुन्हा दिसली. पुन्हा झटकली. मुलगी म्हणाली, "अक्का, डोळ्यात जायलंय काहीतरी." अक्कांनी ब्रशकडे पाहिलं, मग वर पाहिलं. छतातून चुना पडत होता, अगदी बारीक, चाळणीतून पडावा तसा.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "पर्स ऱ्हाऊ दे. खाली पळ, रस्ता ओलांडून हुबी ऱ्हा."

मग मला जिन्यातून हाक ऐकू आली. अक्कांचा आवाज तसा मऊ, पण त्या हाकेने माझ्या हातातलं भांडं पडलं. "वैशेऽऽ! पोरीला घे! हाय तशी ये!"

मी झोपलेल्या मनूला उचललं. दार अडकलं. मी कडी धरून हिसके देत होते. बाहेरून अक्का जिना चढून आल्या आणि त्यांनी दाराला लाथ घातली. कुठून आली ती ताकद कोण जाणे. दार उघडलं, त्यांनी मनूला माझ्या खांद्यावर नीट दाबलं आणि मला पुढे ढकललं. त्यांच्या मजल्यापर्यंत आम्ही बरोबर उतरलो. तिथे त्या आत वळल्या. "तू थांबू नको," एवढंच म्हणाल्या.

मी रस्ता ओलांडला आणि मागे वळून पाहिलं. अक्का अण्णांना दंडाला धरून बाहेर, रस्त्याकडच्या उघड्या जिन्यावर आणत होत्या. झोपेतून उठवलेले अण्णा, बनियनवर, चिडलेले. अर्ध्या जिन्यात त्यांनी हात सोडवून घेतला. दार सताड उघडं राहिलं होतं. त्यांनी अक्कांना एक बोट दाखवलं, थांब, आलोच, आणि कुलूप आणायला मागे गेले. अक्कांनी हाक मारली. ती सगळ्या गल्लीने ऐकली.

मग पत्र्यांच्या पलीकडून एक जड, ओला आवाज आला आणि घराची ती अख्खी बाजू खड्ड्यात बसली.

धूळ खाली बसल्यावर जिना तेवढा उभा दिसला, आणि त्यावर अक्का. समोरच्या दुकानदाराने शिडी लावून त्यांना उतरवलं. त्यांच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. अण्णांना बाहेर काढायला संध्याकाळ झाली.

त्यानंतरचं सगळं रीतीप्रमाणे झालं. मुकादम दिसेनासा झाला. घरमालक येऊन रुमाल तोंडाला लावून उभे राहिले. चौकशी लागली, अजून चालू आहे. गल्लीतली माणसं मला आणि त्या साखरपुड्याच्या मुलीला दाखवून म्हणायची, पार्लरअक्का होत्या म्हणून या वाचल्या. अक्कांसमोर कुणी तसं म्हटलं की त्या उठून आत जायच्या. अण्णांचे दिवस झाल्यावर भाऊ येऊन त्यांना केमला, आपल्या गावी, घेऊन गेला.

मी मनूला घेऊन केमला गेले तेव्हा अक्का भावाच्या पडवीत कुंकवाच्या पुड्या बांधत होत्या. केममध्ये कुंकवाचं काम पुष्कळ घरांत चालतं. हात कोपरापर्यंत लाल, कपाळावर तीच पांढरी विभूती. मला बघून त्यांनी हात फडक्याला पुसले, मनूला ओढून मांडीवर घेतलं, आम्हाला गूळ-शेंगा दिल्या. नव्या खोलीची विचारपूस केली. मनू त्यांच्या बांगड्यांशी खेळता खेळता झोपली.

मग अक्काच म्हणाल्या, "वैशे, त्या दिशी मी पैला आत जायाला पायजे हुतं का गं?"

मी समोरची एक पुडी उचलली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

"ह्यांना हाक ऐकू जायाची न्हाय. जाऊन हलवून उठवावं लागतंय, मग ते 'काय, काय' इचारनार, मग सदरा शोधनार. लई येळ जातोय त्यात. म्हनून म्हनलं, आदी हाकेतली मानसं भाईर काढू." त्या मनूच्या केसांतून हात फिरवत होत्या, थांबत होत्या, पुन्हा फिरवत होत्या. "तवा तेच बराबर वाटलं."

मी त्यांचा दुसरा हात धरला. तो लाल रंग माझ्या हातालाही लागला. माझी मुलगी त्यांच्या मांडीवर श्वास घेत होती, आणि मी "बरोबर होतं" म्हटलं असतं तर ते मी माझ्यासाठी म्हटलं असतं.

लांबून गाडीची शिट्टी आली. अक्कांचा भाऊ दारात येऊन म्हणाला, निघा, स्टेशनावर पोचायला पाहिजे. मी मनूला उचलायला वाकले. अक्कांनी मान हलवली आणि मांडी जरासुद्धा न हलवता, हळू आवाजात म्हणाल्या, "झोपू दे तिला. फुडच्या गाडीनं जा."

आम्ही पुढच्या गाडीने निघालो.