नातवाचा मफलर

बडोद्यात थंडी पाहुण्यासारखी येते आणि चहा घेऊन जाते. तरी कमाटीबागेतल्या बाकावर एक निवृत्त साहेब रोज सकाळी नातवासाठी मफलर विणत बसत. कुणी "केम छो, साहेब?" म्हटलं की ते सुया अशा उंचावत, जणू मंजूर झालेली फाईलच दाखवतायत. नातू रविवारी पहिल्यांदाच घरी येणार होता. शनिवारी मफलर त्यांच्या गुडघ्यांवरून बुटांपर्यंत पोचला.

"काका, नातू केवढा आहे?" मी विचारलं.

"सहा महिन्यांचा."

"मग आता पुरे की!"

त्यांनी आवाज खाली आणला. "सुरुवात व्हिडिओ बघून जमली हो. शेवटचे टाके बंद करणं काही केल्या जमत नाही."

"काकूंना येतं ना? त्यांना विचारा."

"तिला जन्मभर सांगत आलोय, विणकामात अवघड ते काय!"

आणि त्यांनी पुढची ओळ विणायला घेतली.