सुईच्या टोकावरचं तेल

घड्याळजी गेला, त्यानंतर महिन्याभराने त्याची मुलगी आली. "काका, तुम्ही एकोणीस वर्षं बाबांच्या शेजारी बसलात. चार ओळी लिहून द्या." बसलो हे खरं. पण त्याला भाऊ किती, त्याला गोड आवडायचं की तिखट, हे मला सांगता येणार नाही. कधी विचारलंच नाही. ज्याचा हेवा वाटतो त्याची विचारपूस करवत नाही.

आम्ही पोलिसांच्या शस्त्रागारात कामाला. तळघरातली खोली, एक लांब टेबल, दोन दिवे. मी आधीपासूनचा, तो मागाहून आला. वडील घड्याळं दुरुस्त करायचे म्हणून सगळे त्याला घड्याळजी म्हणत. मी हत्यारांवर तेलाचा डबा उलटा करायचो. तो सुईच्या टोकावर एक थेंब घ्यायचा.

"बाळाला औषध पाजतोयस का रे?" मी म्हणायचो.

तो हसायचा. ते हसणंही मला खुपायचं.

मग चाळीस नवी पिस्तुलं आली. जुनी रिव्हॉल्व्हरं मी तेलाने न्हाऊ घालायचो, तसंच यांनाही घातलं. पंधरा दिवसांत सरावाच्या मैदानावर ती अडायला लागली. गोळी सुटायची, पण रिकामी पुंगळी बाहेर न पडता आतच अडकायची. साहेब स्वतः खाली आले.

"शनिवारपर्यंत दोष सांगा, नाहीतर सगळी परत पाठवतो. आणि ज्याला ही समजतील, त्याच्याकडे यांच्या कपाटाची किल्ली."

त्या किल्लीवर माझा डोळा होता. मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "स्प्रिंगच कमजोर आहे, साहेब. माल खराब."

घड्याळजी अडणारं एक पिस्तूल घेऊन मैदानावर गेला. मीही मागोमाग गेलो, तो तोंडघशी पडताना बघायला. आधी त्याने फक्त मॅगझिन बदललं. अडलं. मग गोळ्यांची पेटी बदलली. अडलं. मग पिस्तूल खोललं, चिंधीने कोरडं पुसलं, मोजक्या जागी सुईने तेल लावलं. पन्नास गोळ्या झाडल्या, एकदाही अडलं नाही. पुंगळी खेचणाऱ्या आकडीखालून निघालेली घाण त्याने मला दाखवली. माझं तेल, मैदानावरची धूळ आणि गोळीच्या दारूची काजळी, यांचा काळा चिखल.

"दादा, यांना तेल कमी लागतं," तो हळूच म्हणाला.

घरी बायको म्हणाली, "भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय. तुमच्या घड्याळजींना दाखवा ना."

"बंदच बरं."

"अहो, त्यांना चार लोक विचारतात, तर तुमच्या का पोटात दुखतं?"

शनिवारी साहेबांनी विचारलं, "काय होतं?" आता हा माझं नाव घेणार म्हणून मी फरशीकडे बघत उभा राहिलो. घड्याळजी म्हणाला, "काही नाही साहेब, सफाई नीट झाली नव्हती. दादांनी आणि मी मिळून केली."

साहेबांनी किल्ली माझ्या हातात दिली. नोकरी माझी जास्त. मी काही केलेलं नाही, हे सांगायला तोंड उघडलं. तसंच मिटलं. किल्ली घेतली.

ती अकरा वर्षं माझ्या कमरेला होती. पिस्तूल अडलं की शिपाई किल्ली माझ्याकडे मागत आणि पिस्तूल त्याच्यापुढे ठेवत. तो उपकार करून मोकळा झाला होता, आणि मला त्याचा राग धरायलाही जागा उरली नव्हती.

आमच्याकडे रीत अशी, की एकाने कुलूप लावायचं आणि दुसऱ्याने ओढून बघायचं. मी निवृत्त झालो त्या संध्याकाळीही मी लावलं. मनात म्हटलं, आज तरी सांगावं त्याला, की ही किल्ली तुझी होती.

"बघ रे," मी म्हणालो.

त्याने दोनदा ओढलं. "लागलंय, दादा."

"दिवा बंद कर."

"करतो. तुम्ही व्हा पुढे. पायरी ओली आहे, जपून."