चुकांचे पान

"चूक माझी हं," असे म्हणून सर स्वतःच्या कानाची पाळी धरायचे. जीप पंक्चर झाली की चूक त्यांची, कारण मोखाड्याला जायचे त्यांनीच ठरवलेले. चहा गार झाला की चूक त्यांची, कारण ते बोलत बसलेले. एकदा प्रशिक्षणाच्या दिवशी पावसाने झोडपले आणि दाभोशाच्या बाया येऊ शकल्या नाहीत, तर सरांनी पावसाचीही जबाबदारी घेतली. "तारीख मीच काढली ना," म्हणाले. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. सुरुवातीला तो फार सज्जन वाटतो, मग थोडा कंटाळा येतो, आणि पुढे पुढे तो काय म्हणतोय हे आपण ऐकतच नाही.

जव्हारला एका संस्थेच्या कार्यालयात ते कामाला होते. आमच्या पाड्यांवर तेव्हा पाण्याचे सौर पंप बसले होते आणि एकेक पंप सांभाळायला गावातलीच एक बाई नेमली होती. वांगणीला मी होते. पंपाच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असायची आणि मी ती जरा दिसेल अशीच लावायची. ज्या घरातली माणसे दर दिवाळीनंतर मजुरीला भिवंडी-ठाण्याकडे जातात, त्या घरातल्या सुनेला गाव किल्ली देते ही काही लहान गोष्ट नव्हती.

पंप अडला तर मेकॅनिक जव्हारहून येणार, आणि त्याला बोलवायला आमच्याकडे रेंज नाही. म्हणून सरांनी पंपाची सगळी माहिती पानापानांनी लिहून आमच्या फोनमध्ये घालून दिली. 'मोटर चालत नाही' वर बोट लावले की वायरचे पान उघडायचे, तिथून फ्यूजचे. एका पानावरून दुसऱ्या पानावर जायला लिंका केलेल्या, आमच्या पायवाटांसारख्या.

ही पाने बांधण्याचे साधन मोठे विचित्र होते. त्याला चित्रे नाहीत, बटणे नाहीत. नुसता काळा पडदा. त्यावर सर एक ओळ टाइप करायचे, एंटर दाबायचे, आणि साध्या मजकुराच्या फायली एकमेकींना जोडल्या जाऊन त्यांची पाने व्हायची. कुठे लिंक तुटली असेल तर लाल ओळ यायची. लाल ओळ आली की सर पडद्यालाच म्हणायचे, "चूक माझी हं." आम्ही बाया तोंडाला पदर लावून हसायचो. मग ते आमच्याबरोबर हसायचे आणि पान दुरुस्त करायचे.

पाने मराठीत होती, पण पुस्तकी नव्हती. सर आम्हाला एकेक वाक्य मोठ्याने वाचायला लावायचे. "एका हातात पाना असताना वाचता आलं पाहिजे," म्हणायचे. मी अडखळले की वाक्य बदलायचे, मला कधी बोलले नाहीत.

वांगणीचा जुना पंप काढून नवा बसवला होता. त्या उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेले आणि एका सकाळी टाकीत पाणी चढेना. मी फोन काढला. 'पाणी चढत नाही' वर बोट लावले. पान म्हणाले, मोटर बंद करू नका, चालू ठेवून थांबा. मी थांबले. मोटरचा आवाज बदलला, मी पुन्हा पान वाचले. पानावर तेच होते. मग जळका वास आला.

वांगणीच्या बाया पुन्हा खालच्या झऱ्यावर जाऊ लागल्या, ऐन वैशाखात, डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन. मला कोणी शिवी दिली नाही. माझ्यासमोरून जाताना त्या फक्त गप्प व्हायच्या. माझी सासू झऱ्यावर सगळ्यांच्या शेवटी जाऊ लागली. किल्ली दुसरीला द्यायची असे ठरत होते. मला मरणाची लाज वाटत होती. दारात बसायचीही लाज वाटायची.

सरांना कळले तसे ते आले. गाव जमले. त्यांनी उभे राहून सांगितले, "चूक माझी आहे. नवीन पंपाचं पान मी नवं लिहिलं, त्याला नाव दुसरं दिलं. साधन नवं पान बांधतं, पण आधीचं बांधलेलं आपण होऊन पुसत नाही. सगळं पुसून मग बांध, असं त्याला सांगावं लागतं. ते मी सांगितलं नाही. जुन्या पंपाचं पान तसंच राहिलं आणि लिंक तिकडे गेली. जुना पंप कोरडा चालला तरी सोसायचा, नव्याची मोटर जळते. लाल ओळही आली नाही, कारण पान तिथं होतंच. हिनं वाचलं तसंच केलं."

सांगताना त्यांचा हात सवयीने कानाकडे गेला आणि दोघी-तिघी हसल्या.

शेजारची आजी म्हणाली, "तू चांगला हायस रं बाबा. पन आमचे पोरीसाठी येवढा खोटा कशाला बोलतस?" आमच्याकडे सगळ्यांनाच तू म्हणतात.

"आजी, खोटं नाही. खरंच माझी चूक."

"तुझी तं पावसाला पन चूक व्हती," आजी म्हणाली, आणि सगळे गाव हसले. त्या हसण्यात राग नव्हता, माया होती. मी मात्र मातीत गेल्यासारखी झाले. आता मी मोटर जाळणारी तर होतेच, वर भल्या माणसाला माझ्यासाठी खोटे बोलायला लावणारीही झाले.

सरांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. आयुष्यभर जे वाक्य ते ज्याला-त्याला वाटत आले, ते ऐन वेळी त्यांच्याजवळ उरलेच नव्हते.

ते पुन्हा आले, लॅपटॉप घेऊन. पंपाच्या खोलीपुढे मांडी घालून त्यांनी काळ्या पडद्यावर तीच ओळ लिहून दाखवली. आधी न पुसता पाने बांधली, चुकीचे पान उघडले. मग सगळे पुसून बांधली, बरोबर पान उघडले. घाम पुसत पुसत समजावत होते. माणसे बघत होती, मान हलवत होती. निघताना आजीने त्यांना नाचणीची भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, "किती करतस रं पोरीसाठी."

त्यानंतरच्या वेळी फोनमध्ये जी नवी पाने आली, त्यांत सगळ्यात पहिले पान 'चुका' नावाचे होते. त्यावर सरांचे पूर्ण नाव होते. खाली लिहिले होते, की वांगणीची मोटर यांच्या हलगर्जीपणामुळे जळली, पंप सांभाळणाऱ्या बाईचा काही दोष नाही. दुसऱ्या कोणत्याही पानावर त्यांचे नाव नव्हते.

गावाने ते वाचले आणि एका दुपारात मानले. "फोनात लिवलंय म्हंजी खरंच," सासू म्हणाली. किल्ली माझ्याकडेच राहिली. त्याच सासूने सरांना दोन शिव्याही घातल्या, आणि मी तिला अडवले नाही.

नवी मोटर बसल्यावर सरांनी काम सोडले. एंटर दाबताना हात थांबतो, एवढेच म्हणाले. जाण्याआधी त्यांनी मला ते साधन शिकवले. आता जव्हारच्या त्या टेबलाशी मी बसते. त्यांच्या शेवटच्या दिवशी मी विचारले होते, "सर, ते पान काढू का आता?"

"मुळीच नाही," म्हणाले. "तुला पुन्हा कोणी काही बोललं तर?"

पुढे त्यांचा फोन लागेनासा झाला. कुणी म्हणते नाशिककडे बहिणीकडे असतात.

ते पान काढायला एक फाईल पुसायची आणि एक ओळ टाइप करायची, एवढेच काम आहे. मी दरवेळी पाने बांधते, सगळे पुसून नीट बांधते, आणि ते पान ठेवते. माझी किल्ली त्या पानाने वाचवली, ही खुर्चीही त्यानेच दिली. ते काढले तर वांगणीत पुन्हा माझे नाव निघेल, ही भीती मला अजून आहे. ती त्यांना होती त्यापेक्षा मला जास्त आहे, हे कबूल करायला जड जाते.

या महिन्यात पोशेऱ्याला नव्या बायांना शिकवायला गेले होते. एक हुशार पोरगी होती, चटचट वाचणारी. तिने पहिलेच पान उघडले, सरांचे नाव मोठ्याने वाचले आणि खिदळली. "बाई, हा कोन व्हता? येवढा बेकार मानूस कुठून आनलेला?"

बाकीच्या बायाही हसल्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. सांगायला लागले असते तर वांगणीची ती बाई कोण, हेही सांगावे लागले असते.

मी म्हटले, "पुढचं पान उघडा."