बिल्टीबाबूंचा आरसा

माझे सासरे कोणतंही खोकं आधी कानाशी धरून हलवायचे, मगच ते घरात यायचं. मिठाईचा डबा असो, मिक्सर असो, लग्नातली भेट असो. बोटाच्या पेराने चारही कोपऱ्यांवर टिचक्या मारायच्या, चिकटपट्टी निरखायची. नागपूरजवळच्या वाडीत एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात त्यांनी एकतीस वर्षं बिल्ट्या फाडल्या, म्हणजे आल्यागेल्या मालाच्या पावत्या लिहिल्या, म्हणून सगळे त्यांना बिल्टीबाबू म्हणत. मी मामंजी म्हणायचे. "माल तपासूनच घ्यावा वं सूनबाई," ते सांगायचे, "आन् मानूसही."

ते काही विसरत नसत. हा गुण मला पटायचा. माफ केल्याने मन हलकं होतं म्हणतात, माझं कधी झालं नाही. आमचं दोघांचं जमलं ते बहुतेक त्यामुळेच. माझा नवरा आणि सासूबाई दोघंही 'जाऊ द्या' म्हणणारी माणसं. मी आणि मामंजी जाऊ न देणारे.

जाऊ न देण्याची गोष्ट एकच होती. गोदामातून भिवापुरी मिरचीचं एक पोतं नाहीसं झालं आणि मॅनेजरने बिल्टीबाबूंवर संशय घेतला. पोलीस नाही, नोटीस नाही. फक्त रोज संध्याकाळी फाटकावर, हमालांच्या आणि ड्रायव्हरांच्या देखत, मामंजींनी पिशवी उघडायची. मॅनेजर आत डोकावायचा आणि म्हणायचा, "ठीक है बाबू, जाओ." पिशवीत रिकामा डबा, चष्म्याचं घर आणि घडी केलेला पेपर. महिनाभर हे चाललं. मग पोतं दुसऱ्याच गाडीत चुकून चढलेलं सापडलं. त्या दिवशी मामंजी सवयीने फाटकाशी पिशवी उघडून उभे राहिले. मॅनेजर फोनवर बोलत शेजारून निघून गेला. चूक झाली असं कोणी म्हणालं नाही. मामंजींनी पुढच्या आठवड्यात नोकरी सोडली. "मी पिशवी उघडून उभा होतो वं," एवढंच ते नेहमी सांगायचे. झडतीपेक्षा तेच त्यांना जास्त लागलं होतं.

आमच्याकडे गेमसाठी म्हणून एक कॉम्प्युटर होता. घेतला माझ्या मुलीने, सईने. वापरायचे सगळे. त्यात ट्रक चालवायचा एक गेम होता. जन्मभर ट्रक भरणाऱ्या आणि एकही न चालवलेल्या माणसाला सईने तो शिकवला. वर्षभरात मामंजींची स्वतःची ट्रान्सपोर्ट कंपनी झाली. गेममध्ये पगारी ड्रायव्हर ठेवता येतात. सईने कुठल्याशा फाईलमध्ये बदल करून एका ड्रायव्हरला मॅनेजरचं नाव दिलं. मामंजींनी त्याला सगळ्यात लांबचं गोदाम दिलं आणि सगळ्यात जुना ट्रक. त्या ट्रकला एसी नाही, हे गेमने नव्हे, मामंजींनी ठरवलं.

अडचण एकच होती. आमचं ग्राफिक्स कार्ड जुनं. ट्रकचे बाजूचे आरसे सुरू ठेवले की चित्र अडखळायचं, म्हणून सई ते बंद ठेवायची. आरशांच्या जागी दोन काळे चौकोन. "मले मागं दिसलं पायजे," मामंजी म्हणायचे. "आपल्या कंपनीची गाडी कधीमधी रस्त्यात भेटते म्हनते पोरगी. तो मागून आला तर मले कळन कसं?"

मग एका मे महिन्यात ते जुनं कार्डही गेलं, आणि ते मामंजींनीच घालवलं. नागपुरात घरातल्या सगळ्यात लाडक्या जिवाकडे कूलरचं तोंड फिरवतात. बाळंतीण असेल तर तिच्याकडे, पाहुणा जावई असेल तर त्याच्याकडे. मामंजींनी कॉम्प्युटरचं झाकण काढून कूलर थेट त्याच्यावर लावला. "तापून राहिला होता बिचारा." कूलरच्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांतून आलेली ओली हवा पंधरा दिवस खाऊन कार्डाने गंज धरला. मी ते बाहेर काढून दाखवलं तेव्हा ते मान खाली घालून म्हणाले, "माल भिजवला मी. माह्याच हातानं."

त्यांना खाली मान घालताना मी पहिल्यांदा पाहिलं. फाटकावर ती घातली नव्हती. त्याच दिवशी ठरवलं की कार्ड घ्यायचं, आणि आरसे दिसतील असं घ्यायचं. नवरा म्हणाला, "बाबांचं वय काय, हट्ट काय!" मी म्हटलं, "वय आहे म्हणूनच घाई आहे."

मी कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, हातात धरता येतो. कॅबिनेटची आतली लांबी पट्टीने मोजली, नवीन कार्डाला वीज पुरणार नाही हे पाहून पॉवर सप्लायही यादीत लिहिला, आणि मामंजींना घेऊन बर्डीच्या बाजारात गेले. दुकानदार माझ्याशी बोलेचना. "मॅडम, भैयांना पाठवा ना, तुम्हाला समजणार नाही." मी सगळी मापं वाचून दाखवली, तेव्हा त्याने कंटाळून एक खोकं पुढे सरकवलं. मामंजींनी ते उचललं, कानाशी धरलं, कोपरे वाजवले, मग नखाने पट्टीची कड वर केली.

"हे खोकं एकदा उघडून पुन्हा बंद केलं आहे," ते म्हणाले.

"काहीही काय काका! कंपनीचा सीलबंद माल आहे."

"एकतीस वर्षं पट्ट्याच पाह्यल्या गा. खाली जुन्या पट्टीचा कागद निघालेला आहे. वापस आलेला माल तू बाईमानूस पाहून खपवून राहिला." हे त्यांनी मोठ्याने सांगितलं. दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं होती. त्यांतले दोघे हातातली खोकी उलटीपालटी करून पट्ट्या पाहू लागले. दुकानदाराने आतून दुसरं खोकं आणलं, आणि मग मला मॅडम म्हणण्याचा त्याचा सूर बदलला. परतताना मामंजी ऑटोत गुणगुणत होते. मीही खूश होते, लपवत नाही.

कार्ड बसवताना माझी एक चूक निघाली. लांबी मी मोजली होती, पण हार्ड डिस्कचा पिंजरा हिशेबात धरलाच नव्हता. कार्ड पिंजऱ्याला दोन बोटं अडत होतं. पिंजरा सोडवून डिस्क खाली सरकवली, तारा बांधल्या, कार्ड खाचेत दाबलं. खट् आवाज आला तसे मामंजी म्हणाले, "चढला माल." सईने आरसे सुरू केले. दोन्ही चौकोनांत रस्ता, झाडं, मागचं आकाश. मामंजी गाडी सुरू न करता बराच वेळ नुसते मागे बघत बसले.

तीन आठवड्यांनी, दुपारच्या जेवणानंतर, त्यांनी मला हाक मारली. उजव्या आरशात एक जुना ट्रक येत होता, वर मॅनेजरचं नाव. मामंजींनी वेग कमी केला. त्याला जवळ येऊ दिलं. अगदी जवळ आल्यावर वेग वाढवला. पुन्हा कमी केला. असं सात-आठ वेळा. "धूळ खाऊ दे त्याले," ते म्हणाले. गेममध्ये धूळ नव्हती.

आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर खरा मॅनेजर आमच्या दारात आला. केस पांढरे, हातात काठी, खांद्याला पिशवी. नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन जुन्या माणसांकडे फिरत होता. "पहचाना क्या, बाबू?" मामंजींनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी चहा केला, चांगला केला. त्याचं लक्ष कॉम्प्युटरच्या पडद्याकडे गेलं. "ये किसका ट्रक है?"

"माह्या कंपनीचा," मामंजी म्हणाले. "ड्रायव्हर जुना आहे. नजर चांगली नाही त्याची, पन ठेवला."

मॅनेजर हसला. त्याला काहीच आठवत नव्हतं. जुन्या दिवसांबद्दल, हमालांबद्दल, वाडीच्या रस्त्याबद्दल भरभरून बोलला. ज्या गोष्टीसाठी आम्ही दोघांनी एवढी वर्षं त्याच्यावर दात धरला, ती त्याच्या डोक्यात कुठेही नव्हती. मी त्याच्या पुढ्यातली कपबशी उचलली.

तो निघाला. मामंजी त्याला सोडायला फाटकापर्यंत गेले, मागे मी. फाटकाची कडी त्यांनी हातात धरली, पण उघडली नाही.

"साहेब, पिशवी."

"क्या?"

"पिशवी उघडा."

आधी तो हसला. मग मामंजींचं तोंड पाहून थांबला. समोरची इस्त्रीवाली आणि तिची दोन गिऱ्हाइकं बघत होती. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी वर आलं. काठी भिंतीला टेकवून त्याने पिशवी उघडली. मामंजी वाकले, आत पाहिलं. पत्रिका, चष्म्याचं घर, पाण्याची बाटली. त्यांनी सावकाश पाहिलं.

"ठीक है साहेब," ते म्हणाले, "जाओ."

आणि कडी काढली.

तो गेल्यावर मी विचारलं, "मामंजी, आता काढायचं का त्याला कामावरून?"

"काहून? आता कुठं बरोबर चालून राहिला तो."

मामंजी पुढच्या हिवाळ्यात गेले, झोपेत. मॅनेजर तेराव्याला आला होता. पिशवी आणली नव्हती. फाटकाशी क्षणभर थांबला आणि रिकामे हात बाजूला घेऊन उभा राहिला, मी काही बोलेन म्हणून. मी त्याच्या शेजारून आत निघून गेले.

सई आता पुण्यात नोकरीला आहे. तिथे तिने नवा कॉम्प्युटर घेतला आणि आमचं कार्ड मागितलं. "आई, तू थोडीच गेम खेळतेस!" मी नाही म्हणाले. मला गेम आवडत नाही, वळणावर अजूनही डोकं गरगरतं. पण कोणी गेम उघडला नाही, तर पगारी ड्रायव्हर जागेवर बसून राहतात, हे तिनेच मला सांगितलं होतं. म्हणून दर रविवारी दुपारी, कूलरचं तोंड भिंतीकडे करून, मी तासभर ट्रक चालवते. आरसे सुरू ठेवते. मॅनेजरला मी आजवर एकही सुटी दिलेली नाही.