उकळलेलं पाणी

हरताळाच्या धामधुमीत आमचं गिरगावातलं कॉलेज बंद पडलं आणि माझा प्रयोग लालबागच्या चाळीत, आईच्या लोणच्यांशेजारी येऊन बसला. दोन काचेच्या बरण्या, त्यांत तांब्याच्या खनिजाची पूड आणि जरासं आम्ल घातलेलं पाणी. शिवाय मुद्दाम मागवलेली, खाणीतल्या गढूळ पाण्याची एक बाटली. त्या पाण्यातले जंतू खनिजातलं तांबं पाण्यात उतरवतात, असं मी छातीठोकपणे सांगत होते. आमचे सर म्हणायचे, हे सगळं हवेचं आणि आम्लाचं काम, जंतूबिंतू काही नाही. सिद्ध झालं नाही तर विषय बदलायचा, असं त्यांनी बजावलं होतं. बदली विषय होता साबण. मला तर रडूच यायचं.

अर्धी बाटली पहिल्या बरणीत ओतली आणि मोर्चा बघायला गॅलरीत धावले. परत येते तर उरलेलं पाणी आईने स्टोव्हवर रटरटा उकळून पुन्हा बाटलीत भरलेलं. तेव्हा नळाला गढूळ पाणी यायचं, आमच्याकडे न उकळलेला थेंब कुणी तोंडात घेत नसे.

“गढूळ होता गो पाणी,” ती म्हणाली. “उकळून ठेवलंय.”

अशी भडकले म्हणता! जंतू मेले, सगळी वाट लागली. तणतणत तेच पाणी दुसऱ्या बरणीत ओतलं. जंतूंना हवा मिळावी म्हणून बरण्या रोज हलवाव्या लागत. गिरणी बंद असली की ते काम वडील करत, आणि हलवता हलवता मुंबई आपल्यालाच कशी मिळणार हे दोन्ही बरण्यांना समजावून सांगत.

कॉलेज नीट सुरू व्हायला बरेच आठवडे गेले. तोवर पहिल्या बरणीतलं पाणी निळसर हिरवं झालं होतं, दुसरीतलं जवळजवळ होतं तसंच. बरण्या कॉलेजात नेल्या. सरांनी दोन्हींत लोखंडी खिळे बुडवले. पहिला तांब्याने लाल होऊन वर आला, दुसरा काळाच राहिला. हवा तीच, आम्ल तेच, फक्त जंतू मेलेले. दुसरीतलं पाणी उकळलेलं होतं, हे मी सांगितलं तेव्हा सरांनी विचारलं,

“उकळायचं कुणाला सुचलं?”

“आईला.”

विषय माझाच राहिला. बरण्या घेऊन घरी आले, आईला मिठी मारली, दोन्ही दाखवल्या. हिरव्या पाण्याकडे बघून तिने नाक मुरडलं.

“बघ. उकळलेला कसा निवळ रवला.”

आणि शेजारणींना दाखवायला ती दुसरी बरणी घेऊन गेली.